बिनदक्षिणेची पूजा

“इतर काही उत्पन्न?” वॉल्टरनं विचारलं.

माझ्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकानं या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर दिलं होतं. रांगेत उभ्याउभ्या मी ते ऐकलंही होतं. तरी मी म्हणालो, “आहे.”

टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ बसली. ती सुब्बारावची. सुब्बाराव माझ्याच खोलीत राहणारा, विजयवाड्याचा. जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडला असता, तरी संध्याकाळपर्यंत त्यानं तिथले सगळे नियम आणि सगळ्या पळवाटा पाठ केल्या असत्या. स्वतःचं काम उरकून तो माझ्यासाठी शेजारच्या खुर्चीवर थांबला होता.

“कशाचं?” वॉल्टरनं पेन उचललं.

“पूजेच्या दक्षिणेचं.”

ही गोष्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या तळघरातली. मार्च महिना, बाहेर अजून बर्फाचे ढीग. कराचं विवरणपत्र एप्रिलच्या मध्यापर्यंत भरावं लागे आणि परदेशी विद्यार्थ्यांचीही त्यातून सुटका नव्हती. मी विद्यापीठाच्या भोजनगृहात ताटं विसळत असे. नियमानुसार आठवड्याला वीस तास, आणि तेही आवाराच्या आतच. त्या पगाराचाही सरकारला हिशोब द्यायचा असतो हे कळलं, तेव्हा मला आपण एकदम मोठे झाल्यासारखं वाटलं होतं. आम्हाला मदत करायला गावातले निवृत्त हिशोबनीस फुकट येऊन बसत. वॉल्टर त्यातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात हसरा.

त्याचं हसू आता जरा कमी झालं. “म्हणजे नक्की काय?”

“मी लोकांच्या घरी जाऊन देवाची पूजा सांगतो. पूजा झाली की ते मला पैसे देतात.”

“कधीपासून?”

“या जानेवारीपासून.”

“मग ते इथे येतच नाही. हा फॉर्म गेल्या वर्षाचा आहे.” सुब्बारावनं सुटकेचा श्वास सोडला, पण वॉल्टरनं पेन खाली ठेवलं. “पण मला एक सांग, मुला. आवाराबाहेर काम करायची परवानगी आहे तुझ्याकडे?”

“ते काम नाही. पूजा आहे.”

वॉल्टरनं छताकडे बोट केलं. “वरच्या मजल्यावर मिसेस लिंडक्विस्ट बसतात. परदेशी विद्यार्थ्यांचं सगळं त्याच बघतात. हे वाक्य जाऊन त्यांना सांग. आणि आजच सांग.”

जिन्यात सुब्बारावनं मला धरलं. “राजा हरिश्चंद्रा, वर जाऊ नकोस. खोलीवर चल. कुणी विचारलं नव्हतं तुला.”

“विचारलं होतं,” मी म्हणालो. आणि खरंच विचारलं होतं.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आमचं घर गंगाखेडचं, गोदावरीच्या काठचं. वडील, म्हणजे अण्णा, भिक्षुकी करत. लग्न, मुंज, वास्तुशांत, श्राद्ध, जे येईल ते. सातव्या वर्षापासून त्यांच्या मागे हिंडून मला पोथी न उघडता सगळी पूजा म्हणता येई, आणि त्या एका गोष्टीचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटे. वर्गातली मुलं मला ‘ए दक्षिणा’ म्हणून हाक मारत. लोकांच्या दारात बोलावणं येईपर्यंत उभं राहायचं, सगळ्यांच्या आधी जेवायचं आणि सगळ्यांच्या आधी निघायचं, असलं जगणं नको म्हणून मी अभियांत्रिकीला गेलो आणि तिथून थेट अमेरिकेला. शिकागोपासून तीन तासांवरच्या त्या गावात उतरलो, तेव्हा मनात म्हटलं, सुटलो.

सुटलो खरा, पण पहिल्या हिवाळ्यातच माझी अवस्था वाईट झाली. एकटेपणा म्हणतात तो मला तोवर माहीतच नव्हता. गंगाखेडला तो मिळणार कुठून? आठवडाभर वर्ग, प्रयोगशाळा, ताटं. शनिवार उजाडला की सगळं गाव आपापल्या घरात शिरे आणि दारं लावून घेई. सुब्बाराव झोपे. मी खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या बघत असे. कधीकधी दोन दोन आठवडे मराठीत एक शब्दही तोंडातून निघत नसे, मग मी आंघोळ करताना मोठ्यानं बोलत असे. कशाबद्दलही. नळाबद्दलसुद्धा.

जानेवारीत महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीचं बोलावणं भारतीय किराणा दुकानाच्या दारावर चिकटवलेलं दिसलं. ‘दाबके यांचेकडे सत्यनारायण व हळदीकुंकू. सर्वांनी यावे.’ संक्रांत गुरुवारी, पण समारंभ शनिवारी. तिकडे सगळे सण शनिवारीच येत, पंचांग काहीही म्हणो. खाली दिलेल्या नंबरांपैकी एका कुटुंबाला फोन करून मी गाडीत जागा मागितली आणि गेलो.

पूजा चालू होती कॅसेटवर. कॅसेटमधले गुरुजी सांगत, ‘आता पळीभर पाणी सोडा,’ आणि विश्वासकाका दाबके पाणी सोडत. तिसऱ्या अध्यायात टेपनं कॅसेट खाल्ली. भुताचं रडणं निघावं तसा आवाज आला आणि बंद. पंचवीस माणसं एकमेकांकडे बघत राहिली. शरयूकाकू, म्हणजे दाबक्यांच्या सौभाग्यवती, रडायच्या बेताला आल्या. “अर्धवट पूजा ठेवायची नसते हो!” आणि मागच्या रांगेत, चपलांच्या जवळ बसलेल्या माझ्या तोंडून पुढची ओळ बाहेर पडली. आपोआप. अध्याय संपेपर्यंत मी थांबलोच नाही. डोळे उघडले तेव्हा मी पाटाजवळ बसलेला होतो आणि पन्नाशी उलटलेले विश्वासकाका मला वाकून नमस्कार करत होते.

ज्याला घाबरून सातासमुद्रापार गेलो, ते तिथे आधीच जाऊन पाट मांडून बसलं होतं. पण खरं सांगतो, मला त्या दिवशी लाज वाटली नाही. मला फार आनंद झाला. काकूंनी ताट वाढलं. गुळाची पोळी, वर तूप. “प्रल्हाद, अरे लाजतोस काय, घे. कसा वाळलायस!” मला त्या ‘अरे’साठी आणखी एक पोळी खावी लागली असती तर मी दहा खाल्ल्या असत्या.

त्यानंतर माझा एकही शनिवार रिकामा गेला नाही. कुणाचं नवं घर, कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाची नवी गाडी. मला गाडी नव्हती, म्हणून न्यायला येत आणि सोडायलाही येत. ज्या शनिवारी कुठेच पूजा नसे, त्या शनिवारीही काकू काहीतरी काढतच. “अरे, अथर्वशीर्षाची आवर्तनं करून घेऊ.” मग जेवण, मग पान, मग मराठीतल्या गप्पा. निघताना डब्यातून उरलेली भाजी आणि पाकीट. मी ते पाकीट फार मनावर घेत नसे. मला वाटे, हे आपलं रीत म्हणून. खरं म्हणजे मी माणसांकडे जातो आहे.

हे सगळं मी मिसेस लिंडक्विस्टना इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यातलं गुळाच्या पोळीचं वगळलं.

बाई पन्नाशीच्या, उंच, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे प्रश्न विचारू लागल्या.

“हे लोक तुमचे नातेवाईक आहेत?”

“नाही.”

“मित्र?”

“हो.”

“तुम्ही पूजा सांगितली नाही, तर हे मित्र तुम्हाला पैसे देतील?”

“नाही. कशाला देतील?”

“आणि त्यांनी पैसे दिले नाहीत, तर तुम्ही पूजा सांगाल?”

“मी सांगेन. पण त्यांना चालणार नाही. दक्षिणा दिल्याशिवाय पूजेचं फळ मिळत नाही. सांगणाऱ्याचं ऋण यजमानाच्या डोक्यावर राहतं. दक्षिणा दिली की तो मोकळा.”

“मिस्टर टाकळकर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही आत्ता पगाराची फार सुंदर व्याख्या केलीत.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की विद्यार्थी म्हणून आलेल्या माणसानं परवानगीशिवाय आवाराबाहेर मोबदला घेऊन काहीही केलं, तर त्याचं विद्यार्थीपण जाऊ शकतं. मग पदवी नाही, नोकरी नाही, परतीचं विमान. ते ऐकताना मला गंगाखेडच्या घाटावर अण्णांच्या शेजारी मांडलेला दुसरा पाट दिसायला लागला.

“मी आज काही लिहून घेतलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही स्वतःहून विचारायला आलात. पण आजपासून एक पैसाही घ्यायचा नाही. पैशांऐवजी वस्तूही नाही. कपडे नाहीत, भेटी नाहीत.”

“नारळ?”

“नारळ कशासाठी?”

“प्रसाद म्हणून.”

त्यांनी कपाळावर बोट टेकवून विचार केला. “नारळ घ्या.”

“आणि जेवण?”

“इतर पाहुण्यांना देतात का जेवायला?”

“सगळ्यांना.”

“मग खुशाल जेवा. अहो, इतके घाबरता कशाला? मित्र आहेत ना ते तुमचे? मित्र म्हणून जा.”

त्यात काय एवढं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी जिना उतरलो तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. पैसे नकोच होते मला, ताटं विसळून माझं भागत होतं. मला फक्त शनिवार हवा होता. आणि तो तर बाईंनी माझ्याकडेच ठेवला होता.

त्या रविवारी कॉलिंग कार्डावरून गंगाखेडला फोन लावला. शेजारच्या मेडिकलवाल्यानं अण्णांना आणि आईला बोलावून आणलं.

“दक्षिणा नको म्हणायलास? का रे बाबा, श्रीमंत झालास का?”

“इथला कायदा आहे, अण्णा.”

“पूजेला बंदी?”

“पूजेला नाही. पैसे घ्यायला.”

अण्णा खो खो हसले. “आमच्याकडं उलटं आहे. पूजा दोन तास सांगायला लावतात, अन् पैसे द्यायलाच बंदी असल्यासारखं वागतात.” मग म्हणाले, “मग पूजाच नको सांगूस. नुसतं जेवायला जात जा.”

“नुसतं जेवायला कोण बोलावतंय, अण्णा?” हे मी गमतीत म्हणालो.

तारेतून नुसती खरखर येत राहिली. “आईला देऊ का?” अण्णा म्हणाले.

शरयूकाकूंना मी फोनवर सगळं सांगितलं. कायदा, व्हिसा, लिंडक्विस्टबाई. पाडव्यानंतरच्या शनिवारी त्यांच्याकडे सत्यनारायण ठरलेला होता. त्यांच्या मुलीला कॅलिफोर्नियात बढती मिळाली होती. मुलगी येणार नव्हती, पण पूजा होणार होती.

“काकू, मी येतो. सगळं सांगतो. फक्त दक्षिणा देऊ नका. मला घेता येणार नाही.”

“अय्या, एवढंच ना!” काकू म्हणाल्या. “बरं झालं की रे. म्हणजे आता तू घरचाच झालास.”

फोन ठेवून मी खोलीत एक गिरकी घेतली. सुब्बारावनं पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. “काय झालं?”

“मी घरचा झालो.”

“भाडं किती?” असं विचारून तो पुन्हा झोपला.

शनिवारी विश्वासकाका न्यायला आले. दारात गुढी उभारलेली होती, पडदा लावायच्या दांड्यावर पैठणी आणि वर स्टीलचा ग्लास पालथा. वीसेक माणसं जमली होती. मी त्या दिवशी जी पूजा सांगितली, तशी त्याआधी आणि नंतर कधी सांगितली नाही. एरवी अण्णांसारखी मीही थोडी घाई करत असे. त्या दिवशी एकेक नाम सावकाश घेतलं, कथेत लोकांना हसवलं, आरतीला पोरांच्या हातात टाळ दिले. घरचं कार्य होतं ना.

मग ती वेळ आली. विश्वासकाका विडा हातात घेऊन पुढे झाले. विड्यावर पाकीट होतं.

“काका,” मी हळूच म्हणालो, “काकूंशी बोललो होतो फोनवर.”

“हो हो, बोलली ती. पण विड्यावर काहीतरी ठेवावं लागतं ना. मी आपला एक डॉलर ठेवलाय.”

“एक डॉलरही नको, काका.”

“असं कसं? मग पुरी कशी होणार पूजा?”

मागून कुणीतरी म्हणालं, “ठेवून घ्या हो गुरुजी. इमिग्रेशनवाले काय इथे शिरा खायला येणारेत?” सगळे हसले. मीही हसलो. पण काका हसले नाहीत. त्यांचा विडा धरलेला हात तसाच पुढे होता. त्यांना खरंच काळजी वाटत होती. मुलीच्या नावानं पूजेला बसलेले होते ते.

काकू आतून आल्या. “अरे, घे ना रे. शास्त्र असतं ते.”

“काकू, तुम्हीच म्हणालात ना, मी घरचा आहे म्हणून? घरच्या माणसाला कुठे कुणी दक्षिणा देतं?”

मी हे लाडात म्हणालो होतो. आता सगळे ‘खरंय, खरंय’ म्हणतील, अशी माझी कल्पना. काकूंनी काकांकडे पाहिलं आणि काकांनी काकूंकडे. लग्नाला तीस वर्षं झालेली माणसं अशी एकमेकांकडे बघतात, तेव्हा त्यांचं एक आख्खं बोलणं होऊन जातं. मग काकांनी विडा देवापुढे ठेवला, पाकीट झब्ब्याच्या खिशात घातलं.

“बरं, बरं,” काकू म्हणाल्या. “चला, प्रसाद घ्या सगळ्यांनी. पानं वाढायला घ्या.”

एरवी मला पहिल्यांदा, वेगळ्या पाटावर वाढत. त्या दिवशी मीच हट्टानं सगळ्यांबरोबर रांगेत ताटली घेऊन उभा राहिलो. जेवताना मी खूप बोललो. इतरही बोलले, पण मी जवळ गेलो की विषय बदलून कॉलेज कसं चाललंय यावर येई. चांगलं चाललंय, असं मी सहा जणांना सांगितलं असेन.

सोडायला विश्वासकाका एकटेच आले. गाडी गावाबाहेरच्या मक्याच्या शेतांमधून चालली होती. शेतं अजून रिकामीच होती, नुसती काळी माती. काका खाकरले.

“प्रल्हाद, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण आम्ही ठरवलंय, यापुढे शिकागोकडच्या देवळातल्या पुजाऱ्यांनाच बोलवायचं. त्यांचं सगळं रीतसर असतं. चेक घेतात, पावती देतात. तुलाही उगाच धोका नको, आम्हालाही अवघडल्यासारखं नको. तुझं शिक्षण महत्त्वाचं.”

“बरोबर आहे, काका,” मी म्हणालो. आणि मला ते खरंच बरोबर वाटलं. उलट हायसंच वाटलं. आता पूजाच नको म्हटल्यावर प्रश्न मिटला. मी मोकळ्या मनानं विचारलं, “मग शनिवारी मी कसा येऊ? तुम्ही न्यायला याल, की कुणाबरोबर येऊ?”

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कपट नव्हतं. साधं कुतूहल होतं.

“शनिवारी? शनिवारी काय आहे?”

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. ही म्हण आमच्या गल्लीत अण्णांच्या देखत कुणी उच्चारत नसे. मला ती त्या गाडीत, पट्टा बांधून बसलो असताना आठवली, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

“काही नाही,” मी म्हणालो. “माझाच काहीतरी घोटाळा झाला.”

“अरे, येत जा की केव्हाही,” काका मनापासून म्हणाले. “तुझंच घर आहे. फक्त फोन करून ये.”

पुढचा शनिवार आला. मी सकाळी लवकर आंघोळ केली. नऊ वाजता वाटलं, काकू आता करतील फोन. अकरा वाजता वाटलं, स्वयंपाकात असतील. मंडळातल्या इतर कुणाचाही फोन आला नाही, बातमी सगळीकडे पोचली असणार. मग मला काकांचं वाक्य आठवलं. फोन करून ये, असं म्हणाले होते ना? मग करावा की आपणच. इतका सरळ होतो मी. करातही सरळ, यातही सरळ.

“हॅलो?” काकूंच्या मागे माणसांचा, भांड्यांचा आवाज येत होता.

“काकू, मी प्रल्हाद.”

“कोण? हां, हां! बोला ना, गुरुजी. काय, काही राहिलं का इथे?”

आठवडाभरापूर्वीचं ‘अरे’ कुठे गेलं ते मी शोधत राहिलो. काय बोलायचं ते मी ठरवलेलंच नव्हतं. मला वाटलं होतं, आवाज ऐकला की पुढचं त्याच म्हणतील. नुसतीच आठवण आली म्हणून फोन केला, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या चोवीस वर्षांच्या माणसाला ते उच्चारता आलं नाही.

“हो,” मी म्हणालो. “माझं उपरणं राहिलंय बहुतेक.”

“थांबा हं, बघते.”

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग काकू खरोखरच शोधू लागल्या. ‘अहो, गुरुजींचं उपरणं पाहिलंत का?’ काका काहीतरी म्हणाले. कपाटाचं दार उघडलं, लागलं. कुणीतरी विचारलं, ‘काय हरवलंय?’ कुणीतरी सोफा सरकवला. त्या घरात मला शोधत असल्यासारखी सगळी माणसं हिंडत होती, आणि मी डोळे मिटून ऐकत होतो. उपरणं माझ्या मांडीवर होतं. जावं लागलं तर तयार असावं म्हणून मी ते सकाळीच काढून ठेवलं होतं.

“नाही हो दिसत कुठे,” काकू परत आल्या. “माझ्या जिवाला लागलं बघा. आमच्याकडे पूजेला येऊन तुमची वस्तू गेली म्हणजे बरं नाही. सापडलं की पोस्टानं पाठवते. पत्ता सांगा.”

गाडीनं पाऊण तासाचा रस्ता. काका इतक्या वेळा येऊन गेलेले. मी पत्ता सांगितला. रस्त्याचं नाव त्यांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितला.

“या हं मग कधीतरी,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात ग्रंथालयाच्या तळघरात जाऊन वॉल्टरसमोर सही करून फॉर्म पाठवला. त्यानं पुन्हा विचारलं, इतर काही उत्पन्न? या वेळी मी नाही म्हणालो. ते गेल्या वर्षासाठी खरं होतं आणि आता इथून पुढेही खरं राहणार होतं. लिंडक्विस्टबाई जिन्यात भेटल्या, त्यांनी विचारलं, “तुमचे मित्र कसे आहेत?” मी म्हणालो, “छान आहेत.”

पार्सल त्या दिवशीच आलं. सुब्बारावनंच खालून आणलं आणि काही खायला असेल म्हणून घाईनं फोडलं. आत कोरं करकरीत उपरणं होतं, रेशीमकाठी, दुकानाचं लेबल तसंच. माझ्या जुन्यापेक्षा कितीतरी भारी. घडीवर मधोमध एक सुपारी ठेवून ती सरकू नये म्हणून दोऱ्यानं बांधली होती.

“तुझं हरवलं होतं ना? किती चांगली माणसं आहेत!” सुब्बाराव म्हणाला. “पण ही सुपारी कशाला?”

“दक्षिणा,” मी म्हणालो. “त्यांची पूजा पुरी झाली.”